तलावाची उंची वाढते तेव्हा बुडणाऱ्या नाल्याची भरपाई कशी करून घ्यायची

तलावाची किंवा धरणाची उंची वाढवायची ठरली की बुडीत क्षेत्राची मोजणी सुरू होते. घरं मोजतात, विहिरी मोजतात, संत्र्याच्या बागेतलं झाड न् झाड मोजतात, सागाच्या खोडांवर नंबर पडतात. नाला मात्र कुणी मोजत नाही. सातबाऱ्यावर तो पोटखराब्यात गेलेला असतो आणि गाव नकाशावर दोन बारीक रेषांपुरता उरलेला असतो. त्याच्या काठच्या लवणात, म्हणजे पाणी धरणाऱ्या सखल जागेत, ऑक्टोबरपर्यंत पाय रुततो, पण कागदावर ती जमीन ‘पडीत’. पाणी चढतं, दोन्ही बुडतात आणि अहवालात लिहून येतं की प्रकल्पामुळे जलक्षेत्र वाढलं.

नागपूरला पाणी लागतं, यात वाद नाही. शहर जगतं ते पेंचच्या तोतलाडोह-कामठी खैरी साठ्यांवर आणि कन्हान नदीवर. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचचा येवा घटला, आणि २०१९ साली पाऊस लांबल्यावर शहराने पाणीकपात सोसली. वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. गोसीखुर्दपासून बुलढाणा जिल्ह्यापर्यंत जाणारा सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा नागपूर जिल्ह्यातूनही जायचा आहे. म्हणजे नवे साठे, जुन्या साठ्यांची वाढ, हे विषय आपल्या तालुक्यांत येत राहणार. धरण हवं की नको हा इथला विषय नाही. उंची वाढणारच असेल तर ग्रामपंचायत, जैवविविधता समिती, मच्छीमार संस्था आणि पाटबंधारे खात्यातले तरुण अभियंते यांनी कोणत्या क्रमाने काय करावं, तेवढंच सांगतो. सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे: नाल्याची भरपाई नाल्यानेच, पाणथळीची पाणथळीनेच, आणि तीही पाणी चढायच्या आधी. हजार झाडं लावून नाला परत येत नाही.

कायदा कुठवर साथ देतो ते आधी बघून घ्या

वनजमीन बुडाली तर पर्यायी वनीकरण करावंच लागतं. त्यासाठी कायदा आहे, कॅम्पाचा म्हणजे पर्यायी वनीकरणाचा निधी आहे. नाला किंवा पाणथळ बुडाली तर तितकाच नाला किंवा पाणथळ उभी करून द्या, असं सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पाणथळ संवर्धनाचे २०१७ चे नियम आहेत, पण त्यांच्या व्याख्येतून नदीपात्र आणि भातशेती वगळली आहे. पिण्यासाठी, सिंचनासाठी, मासेपालनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले साठेही वगळले आहेत. आपल्या फुटाळा तलावाचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मानवनिर्मित असल्यामुळे फुटाळा या नियमांखालची पाणथळ ठरत नाही. मात्र सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व मानवनिर्मित तलावांनाही लागू पडतं, असंही त्याच निकालात आहे. निवेदन लिहिताना हे दुसरं वाक्य कामाचं.

खरी पकड पर्यावरण मंजुरीत आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार ठरावीक आकारावरच्या सिंचन आणि जलविद्युत प्रकल्पांना, त्यांच्या विस्तारालाही, आधी मंजुरी घ्यावी लागते. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात बघायला मिळतो, त्याचा गोषवारा मराठीत असतो. गोषवाऱ्यावर थांबू नका. पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचं प्रकरण उघडा आणि ‘नाला’ हा शब्द शोधा. बहुतेकदा तो कालव्याच्या बांधकामाच्या संदर्भातच सापडेल.

जनसुनावणीत तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं असं नाही, नोंद होते. पण लेखी निवेदनाला वजन वेगळं. त्यात लांबी, क्षेत्र, रक्कम आणि तारीख या चार गोष्टी असायलाच हव्यात. ‘योग्य ती उपाययोजना करावी’ असं लिहिलंत तर योग्य काय ते ठेकेदार ठरवेल.

निव्वळ पिण्याच्या पाण्याचा साठा असेल तर तो पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत येत नाही. मग ग्रामसभेचा ठराव, भूसंपादनातला सामाजिक परिणाम अभ्यास आणि जैवविविधता व्यवस्थापन समिती या तीन वाटा उरतात. समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तुमचा नाला, त्यातले डोह, मासे, काठची झाडं यांची नोंद असेल तर तोच पुढे पुरावा होतो. बहुतेक गावांत ही वही कुणीतरी दोन दिवसांत भरून दिलेली असते. ती काढा, वाचा, दुरुस्त करा.

विदर्भाला आणखी एक सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. महसूल संहितेच्या कलम १६१ खालचं निस्तार पत्रक आणि कलम १६५ खालचं वाजिब-उल-अर्ज. गुरांचं पाणी, चराई, जळण, मासेमारी यांचे गावाचे जुने हक्क तिथे लिहिलेले असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षातून दोन्हीच्या प्रमाणित नकला काढून ठेवा. नाल्यावर गावाचा हक्क होता, हे दाखवायला याहून मजबूत कागद नाही. वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा मंजूर असेल तर जलाशयातले मासे आणि इतर उत्पादन यांचा हक्कही त्यात येतो. त्याचा दाखला जोडा.

भरपाईच्या आधी: बुडवणं टळतं का?

हा टप्पा कागदावर एका ओळीत उरकला जातो. तिथे तीन प्रश्न लेखी विचारा. साठ्यातला गाळ काढून किती पाणी मिळेल आणि त्यासाठी किती कमी उंची पुरेल? पूर्ण संचय पातळी अर्धा मीटर कमी ठेवली तर किती नाला वाचतो? शेपटाकडच्या उथळ भागात छोटी मातीची पाळ घालून एखादी पाणथळ वेगळी राखता येईल का? उत्तर ‘नाही’ आलं तरी ते आकड्यांसकट मागा. उंची वाढवताना सांडव्याचा प्रश्नही येतोच. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडला तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांचं काय झालं ते शहराने पाहिलं आहे.

नाला मोजायचा कसा

इथे वेळ द्या. पुढचा सगळा हिशेब या मोजणीवर उभा राहतो.

आधी नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा सगळे वापरतात, पण डोंगराच्या अंगाचे बारीक ओहळ त्यावर पुरते उतरत नाहीत. गाव नकाशा आणि उपग्रह चित्र शेजारी ठेवा. नागपूरकरांना या बाबतीत तक्रारीला जागा नाही: महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि नीरी, तिन्ही संस्था आपल्याच शहरात आहेत.

मग बुडीताची रेषा. पातळी किती वाढते यापेक्षा नाल्याचा उतार किती आहे, यावर बुडणारी लांबी ठरते. पातळी २ मीटरने वाढली आणि नाल्याचा उतार २०० ला १ असेल तर प्रत्येक नाल्याची ४०० मीटर लांबी जाते. उतार ५०० ला १ असेल तर पूर्ण एक किलोमीटर. हिंगणा-काटोलकडच्या चढउताराच्या मुलखात आणि कुही-मौद्याच्या सपाटीवर एकाच उंचीचा परिणाम इतका वेगळा होतो.

बुडणारी लांबी हा तीनपैकी पहिला हिस्सा झाला. तिच्या वर फुगवट्याचा पट्टा असतो. पुराचं पाणी तिथे येऊन थबकतं, रेती-गाळ टाकतं आणि डोह भरून निघतात. आणि धरणाखाली, जिथे पूर्वी सांडव्यावरून चार महिने पाणी पडायचं तिथे आता कमी पडणार, त्याचाही पट्टा असतो. तिन्ही वेगळे मोजा. अहवालात फक्त पहिला असतो.

आता प्रत्यक्ष नाल्यात उतरा. प्रत्येक नाल्याचे शंभर मीटरचे नमुना तुकडे निवडा. दर दहा मीटरला आडवी टेप धरून रुंदी लिहा, काठीने खोली लिहा, तळाला खडक आहे, गोटे आहेत, रेती आहे की गाळ, ते लिहा. दोन्ही काठांची झाडं नोंदवा: करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, शिंदी, निर्गुडी. सावली किती, काठ कुठे ढासळला, गुरं कुठे उतरतात, बायका मे महिन्यात झिरा कुठे खणतात, हेही नोंदवा. झिऱ्याची जागा म्हणजे वाळूखाली पाणी जिवंत असल्याची खूण. ती गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही.

मग वाहत्या पाण्यातले दहा-बारा दगड उचलून उलटे करा. दगडाच्या पोटाला चिकटलेल्या, चपट्या, तीन बारीक शेपट्यांच्या अळ्या दिसल्या तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. खेकडे, शिंपले, चतुराच्या अळ्या सापडल्या तर उत्तम. फक्त गाळात वळवळणाऱ्या लाल बारीक अळ्याच दिसल्या तर वरून सांडपाणी येतं आहे. पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घेऊन त्यात हे जीव ठेवा, जागेच्या खुणेसह फोटो काढा आणि परत सोडून द्या. प्रयोगशाळेच्या अहवालाइतकं वजन याला नसेल, पण सुनावणीत ‘हा नाला कोरडाच असतो’ असं कुणी म्हणालं की हा फोटो पुरतो.

हे सगळं वर्षात निदान चारदा व्हावं: पहिल्या पुरानंतर, ऑक्टोबरात, जानेवारीत आणि मेमध्ये. पहिल्या पुराला मासे उलट्या धारेने वर चढून अंडी घालायला जातात. त्या दिवसांत नाल्यावर कोणते मासे मिळतात ते मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारा आणि त्यांचं नाव घालून नोंदवा. सल्लागार कंपनीचं पथक बहुधा फेब्रुवारीत येतं, एका दिवसात फिरतं आणि ‘हंगामी नाला, जैवविविधता नगण्य’ लिहून जातं. फेब्रुवारीत नाला पाहून मत देणाऱ्याला पोळ्याच्या सुमारास परत बोलवा.

शेवटी दर्जा. चार बाबी धरा: पाणी किती महिने टिकतं, तळ कसा आहे, काठ कसा आहे, जीव किती आहेत. प्रत्येकीला शून्य ते ०.२५ गुण द्या, बेरीज शून्य ते एकच्या दरम्यान येईल. गुण देणारे निदान तिघं असावेत, आणि त्यातला एक प्रकल्पाच्या बाजूचा. नंतर भांडण कमी होतं.

पाणथळीची मोजणी

पाणथळ म्हणजे फक्त कमळाचा तलाव नव्हे. नाल्याकाठचं लवण, जुनी बोडी (छोटं तळं), माजी मालगुजारी तलावाचा उथळ काठ, देवधान (रानटी भात) उगवतं ती जागा, हे सगळं त्यात धरा. सीमा ठरवायला तीन खुणा आहेत: पाणी किती दिवस उभं राहतं, कोणत्या वनस्पती आहेत, आणि माती काय सांगते. फूटभर खोल खड्डा घ्या. राखाडी मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले तर ती माती दरवर्षी बराच काळ पाण्याखाली असते. पण हे पूर्वेकडच्या हलक्या जमिनीत नीट दिसतं. पश्चिमेच्या काळ्या कसदार मातीत रंग इतका गडद असतो की ठिपके लपतात. तिथे वनस्पतींवर आणि गावकऱ्यांच्या सांगण्यावर जास्त भिस्त ठेवावी लागते.

पक्ष्यांची गणना जानेवारीत करा. आशियाई पाणपक्षी गणनाही त्याच महिन्यात होते, आकडे जुळवता येतात. पट्टकदंब हंस उतरले म्हणून फोटो काढणारे पुष्कळ असतात, पण चिखलात चरणारे तुतवार आणि चिखले मोजायला कुणी थांबत नाही. उथळ काठाची किंमत हेच पक्षी सांगतात.

आणि एक युक्तिवाद हमखास ऐकू येईल: तलाव मोठा झाला म्हणजे पाणथळ वाढलीच की! सिंचनाच्या साठ्याची पातळी वर्षात कित्येक मीटर खालीवर होते. अशा काठावर मुळं धरणारी वनस्पती टिकत नाही. पाणी उतरलं की उघडा चिखल, आणि त्यावर गाळपेर. सपाट काठाच्या साठ्यात तो चिखल काही पक्ष्यांना उपयोगी पडतो, हे मान्य करावं आणि त्याचा थोडा हिस्सा भरपाईत धरू द्यावा. पूर्ण हेक्टरला हेक्टर मात्र कदापि नाही.

हिशेब

अमेरिकेत स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम ४०४ खाली हा हिशेब बंधनकारक आहे. २००८ च्या नियमांनी त्याची घडी बसवली: आधी टाळा, मग कमी करा, उरलेल्याची भरपाई करा, भरपाई पाणलोट बघून ठरवा, निदान पाच वर्षं देखरेख ठेवा. डेन्व्हरजवळच्या चॅटफील्ड जलाशयात २०,६०० एकर-फूट जादा साठा करायचा ठरला, पाणी सुमारे १२ फूट चढणार होतं. तिथे बुडणाऱ्या अधिवासाची एककं काढली आणि भरपाईचा एक भाग म्हणून जलाशयाला येऊन मिळणाऱ्या प्लम क्रीक या ओढ्याचं खचलेलं पात्र पुन्हा उभं केलं. पद्धत उचलण्यासारखी आहे. त्यांचे आकडे मात्र आपल्या मोसमी नाल्यांना जसेच्या तसे लावू नका.

आपल्याकडचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका मध्यम प्रकल्पाची पातळी वाढल्यामुळे तीन किलोमीटर नाला बुडतो, त्याचा दर्जा ०.७. तीन गुणिले ०.७, म्हणजे २.१ एककं गेली. फुगवट्याचा आणि धरणाखालचा मिळून दोन किलोमीटर नाला ०.६ वरून ०.४ वर येणार. म्हणजे आणखी ०.४ एकक. एकूण नुकसान २.५.

आता भरपाईची जागा. जवळच्या उपखोऱ्यातला एक बिघडलेला नाला आहे, दर्जा ०.३. नीट काम केलं तर तो ०.६ पर्यंत येईल. म्हणजे किलोमीटरमागे कमाई ०.३ एवढीच. इथेच नेहमी फसवणूक होते: दुरुस्त झालेल्या नाल्याचा पूर्ण ०.६ धरला जातो, आधीचा ०.३ वजा होत नाही. २.५ भागिले ०.३, म्हणजे सव्वाआठ किलोमीटरहून थोडं जास्त. काम फसण्याचा धोका आणि झाडं वाढेपर्यंतची वर्षं धरून दीडपट करा. साडेबारा किलोमीटर.

तीन बुडाले आणि साडेबारा दुरुस्त करायचे, हे ऐकून साहेबांच्या भुवया वर जातात. जाऊ द्या. पण एक सवलत आधीच देऊन टाका: पाणी चढायच्या दोन पावसाळे आधी काम पूर्ण करून गुण वाढलेले दाखवलेत तर दीडपट नको, एकपटीवर भागेल. मग घाई कुणाला व्हायला हवी ते आपोआप ठरतं.

पाणथळीचा हिशेब असाच. सहा हेक्टर, दर्जा ०.८, नुकसान ४.८. जुन्या तलावाच्या दुरुस्तीतून हेक्टरमागे ०.४ कमाई होणार असेल तर बारा हेक्टर, दीडपटीने अठरा. नाल्याची एककं पाणथळीत आणि पाणथळीची नाल्यात वळती करू देऊ नका. कुणी विचारलं तर सांगा, दोन वेगळी खाती आहेत.

जागा कुठली निवडायची

जिल्ह्याच्या मधोमध दोन विभागण्या आहेत. पहिली पाण्याची: वेणा नदीचं पाणी वर्धेकडे जातं, कोलार, पेंच, नाग यांचं पाणी कन्हानमार्गे आंभोऱ्याला वैनगंगेत जातं. दुसरी दगडाची: पश्चिमेला काळा बेसॉल्ट, पूर्वेला आणि उत्तरेला जुने स्फटिकी खडक, कामठीकडे वालुकाश्म. बेसॉल्टवरचा नाला खडकाळ, डोहांचा, पावसानंतर लवकर ओसरणारा. पूर्वेचा नाला सपाट, रेतीचा, तलावांच्या साखळीतून वाट काढणारा. दोन्हीतले जीव वेगळे. म्हणून हिंगण्यातला नाला बुडवून भिवापूरला तलाव दुरुस्त करणं ही भरपाई नव्हे, भले तो तलाव कितीही गरजू असो. आधी त्याच उपखोऱ्यात शोधा, नाही मिळालं तर शेजारच्या, पण नदी आणि दगड दोन्ही तेच हवेत.

जमीन कुणाची हे पहिल्याच दिवशी बघा. सरकारी नाला असला तरी काठ खासगी असतो. दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मीटरचा पट्टा मिळणार नसेल तर ती जागा सोडा. पुढच्या धरणाच्या किंवा रस्त्याच्या आखणीत तीच जागा येत नाही ना, हेही तपासा.

नाल्यावरचं काम

पोकलेन बोलावून नाला खोल करणं म्हणजे भरपाई, असं समजणारे अधिकारी आणि सरपंच दोन्हीकडे आहेत. गेल्या काही वर्षांत जलसंधारणाच्या नावाखाली इतके नाले सरळ, खोल आणि काठावर मातीचे ढीग लावून ठेवले आहेत की आता मूळ नाला कसा दिसायचा ते मुलांना माहीत नाही. खोलीकरणाने तळाची रेती आणि गोटे जातात, डोह-उथळ-डोह ही रचना जाते, काठ उभे होतात आणि पहिल्या पुरात ढासळतात. निविदेत स्पष्ट लिहा: खोलीकरण आणि सरळीकरण नाही.

करायचं काय? सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फळ देणारं काम म्हणजे अडथळे काढणं. फळ्या चोरीला गेलेले निकामी कोल्हापुरी बंधारे, आणि रपटे, म्हणजे नाल्यावरचे ठेंगणे पूल. रपट्याखालचे सिमेंटचे पाइप नाल्याच्या तळापेक्षा वीतभर वर बसवलेले असतात. पाणी पडतं, पण मासा चढत नाही. तिथे तळाशी समपातळीत बसणारी रुंद चौकोनी मोरी घाला, आत थोडी रेती-गोटे राहू द्या.

मग काठ. उभे काठ तिरपे करा, खालच्या अंगाला निर्गुडी आणि खसगवत, वर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. रोपं बुडीत क्षेत्रातल्याच झाडांच्या बियांपासून तयार केली तर फार चांगलं. त्यासाठी रोपवाटिका दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी. गुरांसाठी एक-दोन फरसबंद उतार ठेवाच. ते न ठेवता नुसतं कुंपण घातलंत तर कुंपण उन्हाळ्यापर्यंतही टिकत नाही, आणि दोष गुराख्याचा नसतो.

माथ्यावरच्या चराईचा आणि मातीच्या धुपेचा बंदोबस्त केल्याशिवाय खाली काहीही टिकत नाही. सलग समतल चर, गवत, वर्षाआड बंदी असलेले चराईचे पट्टे: हे सर्वांना माहीत आहे, वेगळं सांगत बसत नाही.

तलावावरचं काम

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. कोहळी समाजाने आणि गोंड राजवटीने उभी केलेली ही साखळी १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेली आणि देखभाल हळूहळू थांबली. पाणथळीच्या भरपाईला यासारखी जागा नाही, फक्त काम समजून करायला हवं.

गाळ सरसकट काढू नका. तलावाचा काठ उथळ, लांब उताराचा असतो तिथेच वनस्पती, मासळीची अंडी आणि पक्षी असतात. पोकलेनने पाळीपासून काठापर्यंत एकसारखी खोली केली की पाणीसाठा वाढतो आणि पाणथळ मरते. पाळीजवळचा भाग खोल करा, लांबचा काठ हातही न लावता सोडा. गाळाखाली चिकणमातीचा थर असतो. तो फोडला की पाणी झिरपून जातं आणि जानेवारीत तलाव कोरडा. म्हणून आधी चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन थराची खोली बघा आणि ठेकेदाराला तितकीच मर्यादा द्या.

बेशरमीची झुडपं उपटायची तर मुळासकट, उन्हाळ्यात. कापून तलावातच टाकलेली कांडी पहिल्या पावसात पुन्हा फुटते. भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजातल्या महिलांच्या गटांनी बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासळी परत आणली. ते काम जाऊन बघण्यासारखं आहे. लावणीसाठी वनस्पती शेजारच्या चांगल्या तलावातून आणायच्या, पाणी गुडघाभर असताना.

बुडणाऱ्या पाणथळीतून एक गोष्ट मात्र अवश्य वाचवा: वरची वीतभर माती. तिच्यात बिया, कंद, शंख-शिंपल्यांची अंडी सुप्त पडलेली असतात. पाणी चढायच्या आधीच्या मे महिन्यात ती माती खरवडून ट्रॉलीने नव्या जागेच्या उथळ काठावर पसरायची. ढीग करून दोन वर्षं ठेवली तर उपयोग नाही. खर्च किरकोळ, फरक मोठा. बेशरमीचं किंवा जलपर्णीचं रान असलेल्या जागेची माती मात्र चुकूनही आणू नका.

मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिच्याशी आधी बसा. ग्रास कार्प सोडला तर लावलेल्या वनस्पती तो एका हंगामात फस्त करतो. तो न सोडण्याच्या बदल्यात संस्थेला पहिली दोन वर्षं ठेक्याची रक्कम माफ व्हावी, अशी तरतूद भरपाईच्या खर्चातच धरा.

पैसा आणि करार

भरपाईचं काम मूळ प्रशासकीय मान्यतेतच स्वतंत्र शीर्षाखाली हवं. ‘पुढे सुप्रमात (सुधारित प्रशासकीय मान्यतेत) घेऊ’ असं उत्तर मिळालं तर समजा की काम होणार नाही. सुधारित मान्यतेच्या वेळी वाढीव दरांनी मातीकाम आणि काँक्रीटच पैसा खाऊन टाकतं. दरसूचीत पाणवनस्पतींच्या लावणीचे किंवा बीजमाती हलवण्याचे दर शोधत बसाल तर हाती फार काही लागणार नाही, म्हणून दरविश्लेषण करून अंदाजपत्रकाला जोडावं लागतं. तरुण अभियंत्यांनी हे एकदा केलं की पुढच्यांना नमुना मिळतो.

खर्चाची विभागणी करताना बांधकामावर सगळं उधळू नका. निदान चौथा हिस्सा देखभालीसाठी राखावा, असं माझं मत आहे. ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था आणि पाटबंधारे विभाग यांच्यात त्रिपक्षीय करार करा. कुणी काय करायचं, पैसे कधी मिळतील, जमिनीचा वापर बदलणार नाही, हे त्यात हवं. आणि सगळ्यात महत्त्वाची अट मंजुरीतच घालून घ्या: भरपाईच्या कामाचा ठरलेला टप्पा पूर्ण झाल्याशिवाय वाढीव पातळीपर्यंत पाणी अडवायचं नाही. दारं बसवली तरी पहिली दोन वर्षं जुनी पातळी राखता येते. नंतर पाणी एकदा चढलं की कुणीही विचारत नाही.

देखरेख

ज्या शंभर मीटरच्या तुकड्यांत आधी मोजणी केली, त्याच पद्धतीने, त्याच महिन्यांत, भरपाईच्या जागी दरवर्षी मोजा. तुलनेसाठी जवळचा एक चांगला, न छेडलेला नाला धरून ठेवा. पाऊसच कमी झाला तर दोन्हीकडचे गुण घसरतील आणि दोष कामाला लागणार नाही. पहिल्या वर्षी रोपं जगली का, तिसऱ्या वर्षी काठ टिकला का आणि मासा रपट्याच्या वर दिसतो का, पाचव्या वर्षी ठरलेले गुण आले का, असे टप्पे ठेवा. झाडं किती लावली हा टप्पा नव्हे.

पर्यावरण मंजुरी असलेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. तो सार्वजनिक कागद आहे. तारीख उलटली की माहितीच्या अधिकारात किंवा सरळ संकेतस्थळावरून काढा आणि आपल्या मोजणीशी ताडून बघा. मंजुरीच मान्य नसेल तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करावं लागतं. पुरेसं कारण दाखवलं तर वर आणखी ६० दिवस मिळू शकतात. म्हणून मंजुरी मिळाल्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते त्यावर नजर ठेवायला गावातल्या एका मुलाला आधीच सांगून ठेवा.

पाचव्या वर्षी गुण कमी पडले तर काय, हे करारात आधीच लिहिलेलं असावं: जितकी एककं कमी पडली तितक्यासाठी नवी जागा, त्याच उपखोऱ्यात, आणि तोवर राखीव देखभालीचा पैसा परत न जाता त्या जागेकडे वळता.